आधी नापास होऊन या

गोसावीसरांकडे आर्टिकलशिप हवी असेल, तर आधी कुठेतरी नापास झालेलं असावं लागे. गुणपत्रिकेत आपण जे बोटाखाली झाकतो, नेमकं तेच ते चष्मा वर करून शोधायचे.

त्यांचं ऑफिस नाशिकरोडला, पिठाच्या गिरणीच्या वर. फाइल उघडली की आधी फुंकर मारायची, मग वाचायची. शहाण्णव साली बी.कॉम. होऊन मी तिथे गेले. सी.ए. व्हायचं तर एखाद्या सी.ए.च्या हाताखाली तीन वर्षं काम शिकावं लागतं, एवढीच माझी अक्कल.

"सगळीकडे फर्स्ट क्लास?" सरांनी विचारलं.

"हो सर." मी फुशारकीने म्हणाले.

"मग कसं जमायचं? नापास झालेला माणूस बेरीज दोनदा करून बघतो. तुम्ही कशाला बघाल?"

मी रडकुंडीला आले. शेवटी कबूल केलं, की स्कूटरच्या लायसन्ससाठी आठचा आकडा काढताना मी दोनदा पडलेय.

"दोनदा? अहो, हे आधी सांगायचं ना. सोमवारी या."

त्या ऑफिसात मान अटेम्प्टवर मिळायचा. चार वेळा आपटलेले कुलथेदादा पंख्याखाली, एकदाच आपटलेले दाराशी, आणि मी झेरॉक्सच्या मशीनला टेकून. पण सरांनी शिकवलं मात्र मनापासून. अंबडच्या कारखान्यांत स्टॉक तपासायला गेलो, की मालक आधी चहा-बिस्किटं मागवायचे. सर म्हणत, "बिस्कीट खा, पण गोणी उघडून बघा." एका गोणीत खरोखरच बोल्टांऐवजी वाळू निघाली. सरांनी उरलेलं बिस्कीट शांतपणे संपवलं आणि बाकीच्याही गोण्या उघडायला लावल्या.

मग माझा सी.ए.च्या इंटर परीक्षेचा निकाल लागला. दोन्ही ग्रुप, म्हणजे सगळेच विषय उडाले.

माझे वडील, अण्णा भामरे, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ऑपरेटर. ते म्हणाले, "लय झालं शिक्षण. अंबडला कंपनीच्या स्टोअरात जागा हाय. एक तारखेपासून जायचं." आर्टिकलशिप मोडणार होती. मला सी.ए.च व्हायचं होतं, पण नापास पोरीने कुठल्या तोंडाने बोलायचं? तीन दिवस मी ऑफिसला गेले नाही. नुसती रडत बसले.

चौथ्या दिवशी सर आमच्या क्वार्टरवर हजर. हातात पेढ्यांचा बॉक्स.

आई गोंधळली. "अहो सर, पोरगी नापास झालीये."

"ठाऊक आहे. म्हणून तर आणले."

अण्णांना ही थट्टा मुळीच आवडली नाही. "साहेब, हिला नाय झेपायचं. तुम्ही उगाच आशा लावू नका."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मी पहिल्यांदा नापास झालो ना, भामरे, तेव्हा घरी सांगितलंच नाही. रोज डबा घेऊन निघायचो आणि संध्याकाळपर्यंत बसस्टँडवर बसायचो. पाच महिने. वाटायचं, कुणीतरी यावं आणि चल म्हणावं. कुणी आलं नाही."

या माणसाला आम्ही पाठीमागे काय काय नावं ठेवली होती.

अण्णा उठले. त्यांनी बॉक्स उघडला, पहिला पेढा सरांच्या हातावर ठेवला आणि विचारलं, "ऑफिस किती वाजता उघडतं तुमचं?"