शेवग्याचं भांडण, जमा पावती क्रमांक एक

आमच्या बोरटेक नगरपंचायतीचा सर्व्हर फावल्या वेळात गावाची भांडणं भांडतो, आणि ही युक्ती माझ्या सुपीक डोक्यातली आहे. म्हणजे युक्ती पिसाळ मॅडमची. मी त्या वेळी कचेरीच्या दारात चप्पल शोधत होतो. पण होतो तिथंच, हे महत्त्वाचं.

सर्व्हर म्हणजे दिवे लुकलुकणारं लोखंडी कपाट. जन्म-मृत्यूचे दाखले काढायला आणलं. आता बोरटेकात माणसं जन्मून जन्मून किती जन्मणार, आणि मरायची इथं कुणाला घाई नाही. दहाला काम सुरू, पावणेअकराला खलास. मग दिवसभर कपाट एसीत बसून. पारावर आम्हीही बारा जण रिकामे बसतो, पण घाम गाळत बसतो. त्यामुळे गावाला त्या कपाटाचंच बसणं खुपलं.

तेव्हा कपाट सांभाळणाऱ्या पिसाळ मॅडमनी फलक लावला: ‘सर्व्हरच्या रिकाम्या क्षमतेचा सदुपयोग. नागरिकांनी आपली चालू भांडणं जमा करावीत. सर्व्हर ती आतल्या आत भांडेल. जमा केलेलं भांडण बाहेर भांडताना आढळल्यास कायमचं जप्त होईल.’

मी चौथी पास. म्हणजे चौथीला बसलो होतो. पास मास्तर झाले, त्यांची बदली झाली. म्हणून माझा अर्ज मॅडमनीच भरला.

“नाव?”

“हणमंतनाना.”

“विषय?”

“शेवगा. झाड शेजारच्या सगुणावहिनींच्या परसात, शेंगा लोंबतात माझ्या अंगणात. मी म्हणतो, माझ्या अंगणात आलं ते माझं.”

“आणि त्या काय म्हणतात?”

“म्हणतात, उद्या माझी म्हैस तुमच्या अंगणात आली, तर तिचं बाळंतपण करणार का?”

मॅडमनी म्हैस शब्दशः उतरवून घेतली. “किती वर्षांचं?”

“सत्तावीस.”

“टोमणे वेगळ्या कागदावर जोडा. सुवाच्य.”

सगुणावहिनी म्हणजे माझा जिवलग दोस्त दामू, त्याची बायको. दामू गेला, भांडण राहिलं. आता खरं सांगतो, मला फक्त गंमत बघायची होती. वहिनींचं तोंड त्या कपाटात घातलं की दुपारपर्यंत धूर निघणार, अशी माझी अटकळ. वहिनींनीही लगेच सही ठोकली. म्हणाल्या, “तेवढाच माझा घसा वाचेल.”

धूर काही निघाला नाही. पंखा जरा जोरात फिरायला लागला, इतकंच. आमच्या मागोमाग सगळं गाव भांडणं घेऊन रांगेत उभं राहिलं. रांगेत पुढे कोण यावरून दोन नवी भांडणं झाली, तीही जमा करून घेतली. आठवड्यात बोरटेक असं शांत झालं, की आमच्या आळीतल्या सासवा-सुना एका सुपात मटार सोलायला बसायच्या आणि बोलायला काही नाही म्हणून सालंसुद्धा सोलायच्या.

आमची रीत अशी, की सकाळी मी मिश्री लावत कुंपणाशी उभा राहायचो, वहिनी झाडू घेऊन यायच्या, आणि साडेसहाला पहिली तोफ. आता साडेसहाला वहिनी आल्या.

“बरं आहे का, भावजी?”

“बरं आहे.”

“पाणी आलं का?”

“आलं.”

नऊ दिवस हेच. मला भाकर गोड लागेना. वर डोळ्यांसमोर शेंगा लोंबतायत, आणि तोडायची सोय नाही, कारण वहिनी काही म्हणणारच नाहीत. फुकट चोरलेल्या शेंगेची आमटी बेचव होते.

दहाव्या दिवशी, शुक्रवारी, मी कचेरी गाठली. “माझं भांडण कसं आहे?”

मॅडमनी पडद्यावर पाहिलं. “फार गुणी आहे. शेवग्यावरून निघून मागे मागे वहिनींच्या वरातीपर्यंत गेलंय. नवरदेवाचे जोडे तुम्ही लपवलेत म्हणे, अजून दिले नाहीत.”

जोडे माझ्या माळ्यावर आहेत, हे मी पत्नीलाही सांगितलेलं नाही. म्हटलं, “ते असो. पुढे कोण आहे?”

“त्या.”

“तिथंही?”

“आज पावणेसहाला मिटेल. मग दोन्ही दारांवर ‘वाद मिटला’ अशी पाटी. तो विषय पुन्हा उकरता येत नाही.”

मिटेल म्हणजे? उरलेलं आयुष्य ‘पाणी आलं का’वर काढायचं?

“आणि मला परत हवं असलं तर?”

“मिटायच्या आत दोघांच्या सह्या आणा.”

परतीचा अर्ज घेऊन मी थेट वहिनींच्या ओट्यावर. साडेचार वाजले होते. वहिनी तांदूळ निवडत होत्या.

“वहिनी, एक सही हवी होती.”

“कसली?”

“त्या कपाटाला आपलं भांडण झेपत नाही. तापलंय. मॅडम म्हणाल्या, म्हातारीकोतारी माणसं, परत न्या.”

“असं?” वहिनींनी एक खडा काढून माझ्या दिशेनं टाकला. “मी सोमवारी गेले होते, तेव्हा तर गार होतं. मॅडम म्हणाल्या, भावजींचीही सही लागेल.”

“मग मला सांगायचं नाही?”

“मी का सांगू? पहिल्यांदा मी मागितलं असं तुम्ही गावभर केलं असतं.”

हे मी केलं असतं. म्हणून नुसता अर्ज पुढे सरकवला. वहिनींनी हात पदराला पुसले. चष्मा लावला. अर्ज खालून वर वाचला, मग वरून खाली. कोनाड्यातलं पेन काढलं, टोपण उघडलं, कागदावर टेकवलं. आणि थांबल्या.

“वहिनी, पावणेसहाला पाटी लागेल दारावर.”

“करते की सही. आधी एवढंच सांगा, भावजी. शेंगा कुणाच्या?”