दौलत परबांच्या पाठीला बदली

"पोलिसांच्या लाठीपुढे जी पाठ वाकली नाही, ती डॉक्टरच्या सुईपुढे काय वाकणार?" दौलत परब लालबागच्या चाळीत, गॅलरीत उभा राहून शेजाऱ्यांना ऐकवत होता. तेव्हा त्याने एका हाताने कठडा धरला होता आणि दुसऱ्या हाताने कंबर. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पंधरा दिवस तुरुंगात राहून आल्यापासून चाळीत त्याच्या शब्दाला वजन आलं होतं. सभा ऐकून ऐकून भाषाही शुद्ध झाली होती. फक्त कंबर तेवढी बिघडली होती. उजव्या बाजूने निघालेली कळ मांडीच्या मागून थेट गुडघ्यापर्यंत उतरायची, आणि गिरणीत कापडाच्या मागावर वाकून तुटलेला धागा जोडायचा म्हणजे त्याला कुलदैवतापासून वेतोबापर्यंत सगळे आठवायचे.

चार आठवडे तो आजारपणाच्या रजेवर होता. हरताळात सगळ्यांच्या पुढे असणाऱ्या ह्या कामगाराला घालवायला मॅनेजर टपलेलाच होता. त्याने सांगून टाकलं, "इस्पितळाचा दाखला आणा. उपचाराने काम करण्याजोगे होणार असाल तर दोन माग तुमचे. नाहीतर नाव कमी." सतरा वर्षांची कायम जागा आता एका कागदावर लटकली होती, आणि तो कागद परळच्या एका मोठ्या इस्पितळात डॉक्टर गुप्त्यांच्या हातात होता.

डॉक्टर गुप्ते नुकतेच विलायतेहून आले होते. दौलत टेबलावर पालथा असतानाच भिंतीवरचं पाठीच्या कण्याचं चित्र दाखवून त्यांनी त्याला समजावलं, "मणक्यांच्या मागे दोन्ही बाजूंना लहान लहान सांधे असतात. प्रत्येक सांध्याला दोन मज्जातंतू. एक त्याच्या स्वतःच्या मजल्यावरचा, एक वरच्या मजल्यावरचा. त्यामुळे दुखतं एकीकडे आणि जाणवतं भलतीकडे. मी एका सांध्यापाशी बधिर करणारं औषध टोचणार. दुखणं थांबलं तर चोर तोच. नाही थांबलं तर दुसरा शोधायचा. हा उपचार नव्हे, ही चौकशी आहे. कळलं?"

"कळलं," दौलत म्हणाला. त्याचं लक्ष ताटलीतल्या सुईकडे होतं. सुई त्याच्या मधल्या बोटाहून लांब होती.

घरी त्याने बायकोला, सुंदराबाईला, हे सगळं सांगितलं. तिने भाकरी थापता थापता विचारलं, "दुखता मांडी, नि सुई पाठीत कशाक?"

"वरच्या सावंतांची मोरी गळते, तेव्हा ओल आपल्या भिंतीला येते की नाही? तसंच हे."

"मगे सावंतांकच टोचूंदेत," ती म्हणाली आणि तव्याकडे वळली.

दौलतच्या डोक्यात मात्र ह्या बोलण्याने उजेड पडला. दुसऱ्याला टोचायचं! गिरणीत कामगार आला नाही की त्याच्या जागी बदली कामगार उभा राहतो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. दौलतच्या मागांवर दुसऱ्या पाळीत सध्या भिवा घाडी उभा राहत होता. भिवा अकरा वर्षं बदलीच होता. पस्तिशीचा, सरळ आणि गरीब माणूस. कुणालाही नाही म्हणणं त्याला आजवर जमलेलं नव्हतं.

"भिवा, माझ्या मागावर तू असलास की कापडाला कळतं का रे?"

"नाय कळूचा."

"मग सुईला काय कळणार?"

भिवाने पुष्कळ विचार केला. "पण दौलतराव, डॉक्टरांक कळतला."

"अरे, त्यांनी माझं तोंड पाहिलंय कुठे? दोन्ही वेळा मी पालथा होतो. त्यांची ओळख माझ्या पाठीशी, आणि तुझी माझी पाठ गिरणीने एकाच मापाने झिजवलीय. टोचण्याआधी विचारलं तर उजवीकडे दुखतं म्हण. टोचल्यावर काही विचारलं तरी बरं वाटतं म्हण. बरं वाटलं की दाखला मिळाला."

मंगळवारी दौलतचा केसपेपर घेऊन भिवा पडद्याआड गेला. दौलत पेशंटचा भाऊ म्हणून बाहेरच्या बाकावर बसला.

पहिली सुई झाली. थोड्या वेळाने आतून डॉक्टरांचा आवाज आला, "परब, वाका बघू." भिवा वाकला असावा, कारण डॉक्टरांनी चारपाच विद्यार्थ्यांना हाका मारल्या. "पाहा, गेल्या आठवड्यात ह्यांना गुडघ्याला हात लावता येत नव्हता, आज पायाचे अंगठे धरलेत. परब, किती बरं वाटतं?"

"बरा वाटता."

"छान. आता खात्रीसाठी वरचा सांधा बघू." दुसरी सुई. "आता?"

"बरा वाटता."

"अहो, मघाशीच बरं वाटत होतं ना?"

"आणखी बरा वाटता."

मग डाव्या बाजूला तिसरी सुई झाली. तिथे तर मुळात तक्रारच नव्हती, तरी भिवाला बरं वाटलं. चौथीनंतर आतून केसपेपरची पानं उलटल्याचा आवाज आला. दौलतच्या सदऱ्याला घाम फुटला. शेवटी डॉक्टर सावकाश म्हणाले, "परब, ह्या वेळी मी नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं."

"व्हय," भिवा अदबीने म्हणाला, "तेनाच सगळ्यात जास्त बरा वाटला."

"ठीक आहे. आज गिरणीत जा आणि नेहमीचं काम करून बघा. संध्याकाळी मी स्वतः येईन पाहायला."

असं सगळेच डॉक्टर म्हणतात, असं समजून दौलतने ते मनावर घेतलं नाही. तेवढ्यात दुसरीच पंचाईत उभी राहिली. औषध झिरपत कुठल्या तंतूपर्यंत पोचलं कोण जाणे, इस्पितळाच्या फाटकातच भिवाचा उजवा पाय लुळा पडला. "दौलतराव, पाय माझोच असा ना?" तो विचारू लागला. घोड्याची व्हिक्टोरिया करून दौलतने त्याला आपल्या खोलीवर आणला आणि आपल्याच गादीवर झोपवला. सुंदराबाईने त्याला पेज दिली आणि नवऱ्याकडे नुसतं बघितलं.

साडेतीनला दुसरी पाळी लागणार होती. भिवा उठत नव्हता. दोन माग बंद राहिले की मॅनेजरला आयतंच निमित्त मिळणार होतं. मग दौलतने सदरा घातला, कंबर पंच्याने आवळली आणि बदलीचा बदली होऊन तो साळखात्यात, आपल्याच मागांपाशी, जाऊन उभा राहिला. रजेवरच्या माणसाने आपल्या नावाने काम करणं हा गुन्हाच, म्हणून हजेरीत नाव भिवा घाडीचं लागलं. मागांवर माणसं नेमणारा गणपत जॉबर कामगारांची अदलाबदल सतरा वर्षं बघत आला होता. तो म्हणाला, "मला माग चालू दिसले पाहिजेत. मागाजवळ कोण आहे ते मी पाहिलेलं नाही."

पाच वाजता डॉक्टर गुप्ते खरोखरच आले. बरोबर गेटावरचा शिपाई होता. त्यांनी मागांच्या खडखडाटात ओरडून विचारलं, "दौलत परब कुठे आहे?"

"रजेवर," गणपत म्हणाला.

"मी त्याला कामावर जायला सांगितलं होतं. मग हा कोण?"

"त्याचा बदली. भिवा घाडी."

दौलत त्याच क्षणी धागा जोडायला वाकला होता आणि वाकल्या जागीच अडकला होता. डॉक्टरांनी त्याचं तोंड पाहिलं, ओळखलं नाही. सदरा वर करून पाठ पाहिली. तिच्यावर सुईची एकही खूण नव्हती. त्यांनी उजवीकडे अंगठ्याने दाबलं, तसा दौलत असा ओरडला की तीन माग पलीकडच्या माणसाने आपला माग थांबवला.

"कळ कुठे जाते?"

"मांडीच्या मागून गुडघ्यापर्यंत."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "अरे, परबच्या केसपेपरवर मी जे लिहिलं होतं, ते हे! त्या माणसाला काहीच झालेलं नाही. मिठाच्या पाण्याने बरा होतो म्हणे. धडधाकट असून घरी झोपलाय, आणि तू असल्या पाठीने त्याचे माग चालवतोस? घाडी, येत्या मंगळवारी तू ये."

दौलतने तोंड उघडलं. खरं सांगावं तर रजेवर असताना खोट्या नावाने काम करताना तो पकडला जाणार, आणि भिवाही त्याच्याबरोबर जाणार. त्याने तोंड मिटलं.

पुढच्या मंगळवारी लाठ्या झेललेला हा वीर टेबलावर पालथा पडला, आणि त्याने कडा इतक्या घट्ट धरल्या की नर्सला त्याची बोटं सोडवावी लागली. सुई टोचली तेव्हा लाल मुंगी चावावी तेवढंच झालं. मग आत खोल काहीतरी दाटून आलं आणि विरून गेलं. दहा मिनिटांनी डॉक्टरांनी उभं केलं. दौलत वाकला, ताठ झाला, पुन्हा वाकला. पाच महिन्यांनी त्याला आपल्या पायाची नखं जवळून दिसली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टरांनी वरच्या सांध्याला दुसरी सुई टोचून विचारलं. दौलतला आता खोटं बोलायची भीती बसली होती. "पहिलीनेच गेलं, डॉक्टर. हिच्याने काही फरक नाही."

"शाब्बास," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पहिल्या जागी सूज उतरवणारं, टिकाऊ औषध सोडलं आणि हात धुताना सांगितलं, "घाडी, तू प्रामाणिक माणूस आहेस. त्या ढोंग्याची जागा तुला मिळायला हवी. मी मॅनेजरला तसं पत्र लिहितो."

"नको, डॉक्टर," दौलत कळवळून म्हणाला.

"विनय पुरे," डॉक्टर म्हणाले.

पत्र टपालाने गेलं. मॅनेजरला आणखी काय हवं होतं! पहिल्या तारखेपासून दोन माग भिवा घाडीला कायम झाले. दौलत परबाने इस्पितळाला फसवलं, तरी सतरा वर्षांची नोकरी पाहून त्याचं नाव बदलीच्या यादीत ठेवण्यात आलं.

भिवा धावत खोलीवर आला आणि उंबऱ्यातच बसून रडू लागला. "दौलतराव, मी सायबाक सगळा सांगतंय."

"सांगितलंस तर दोघांचीही नावं कमी होतील. अकरा वर्षं थांबलास ना? मग घे." दौलतला हे बोलताना बरंच दुखलं, आणि ह्या वेळी ते कुठे दुखतंय ते त्याला नेमकं ठाऊक होतं. सुंदराबाईने भिवापुढे चहा ठेवला.

एक तारखेला गिरणीच्या फाटकाशी बदल्यांच्या रांगेत दौलत परब सगळ्यांत ताठ उभा होता. गणपत जॉबर यादी घेऊन त्याच्यापर्यंत आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "परब, पाठ कशी आहे?"

"एकदम बरी."

"असणारच," गणपत यादीवर खूण करत म्हणाला. "डॉक्टरांनी लिहूनच दिलंय, तिला कधी काही झालंच नव्हतं."