मालकांच्या चष्म्याची यशस्वी अंमलबजावणी

कोणत्याही उद्योगाचा पाया म्हणजे नियोजन, आणि नियोजन जितकं लांबवावं तितका पाया खोल जातो. (काही उद्योगांचा पाया इतका खोल गेला आहे, की वर काही बांधायचं राहूनच गेलं. पण खाली वाकून पाहणाऱ्याला समाधान वाटतं.) हे थोर तत्त्व फिरत्या खुर्च्या बनवणाऱ्या एका कारखान्याच्या जावयाला जरा उशिरा कळलं, त्याची ही हकिगत.

जावई म्हणजे मालकांच्या धाकट्या लेकीचा नवरा. स्वभावाने गरीब, शिक्षणाने बरा आणि राहायला सासऱ्यांकडेच, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. त्या खोलीच्या बरोबर खाली सासूबाईंचं स्वयंपाकघर. त्यामुळे वर नवराबायको काय बोलले ते खाली भाजी चिरताना ऐकू येई आणि जेवताना त्यावर सविस्तर चर्चा होई. दुसऱ्या गावात कारखान्याचं एक दुकान होतं आणि दुकानावर दोन रिकाम्या खोल्या होत्या. तिथे जाऊन दुकान सांभाळावं आणि एकमेकांशी पोटभर, मोठ्या आवाजात भांडावं, एवढीच त्या दोघांची संसाराकडून अपेक्षा होती.

मालकांनी अडवलं नाही. "कारखान्यात ते सॉफ्टवेअर एकदा नीट चालू करून द्या, जावईबापू," ते म्हणाले. "म्हणजे दुकानात काय चाललंय ते मला इथे बसून दिसेल. मग खुशाल जा." लेकीने त्याच संध्याकाळी पडद्यांचं कापड आणलं.

मग सल्लागारबाई आल्या. त्या या विषयातल्या जाणकार होत्या, म्हणजे त्यांनी पहिल्या दिवशी कॉम्प्युटरला हातसुद्धा लावला नाही. त्यांनी भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. अंमलबजावणी समिती नेमली, समितीची बैठक कधी घ्यायची हे ठरवायला उपसमिती नेमली, आणि उपसमितीला वेळ मिळेना म्हणून समितीने तिची बैठक बोलावली. सर्वेक्षण झालं. त्यात बहुसंख्य कर्मचाऱ्यांनी बदलाचं मनापासून स्वागत केलं. तो शेजारच्या खात्यात व्हावा, एवढंच त्यांचं म्हणणं पडलं. उरलेल्यांना तो सर्वेक्षणाचा कागद आहे हे कळलंच नाही. त्यांनी त्यावर डबा ठेवला. (अहवालात त्यांची नोंद 'तटस्थ' अशी आहे.)

सगळं असं झकास चाललं असताना गाडी एका चिठ्ठीपाशी अडली. तिच्यावर लिहिलं होतं: मंजुरी.

"मंजुरी कोण देतं?" बाईंनी विचारलं.

"मालक," सगळे म्हणाले.

"कशी देतात? तोंडी, की सही करून?"

यावर समितीने हिशेबनीसकाकांना पुढे ढकललं. काकांनी घसा साफ केला. "तसं नाही हो बाई," ते म्हणाले. "मालक बोलत नाहीत. आपण चष्मा बघायचा."

खुलासा असा की, या कारखान्यात एक अत्यंत प्रगत निर्णयपद्धती रुजलेली होती. मालकांनी चष्मा कपाळावर चढवला की मंजूर. काढून पुसायला घेतला की नामंजूर. घडी करून खिशात ठेवला तर 'करा, पण मला विचारलं नव्हतं'. नाकाच्या शेंड्यावर आणून वरून पाहिलं तर विचारणाऱ्याने त्या आठवड्यात पुन्हा समोर येऊ नये. आणि कपाळावरचाच चष्मा ते टेबलावर चाचपडत शोधू लागले, तर त्याचा अर्थ अजून कोणाला लागलेला नव्हता. त्या दिवशी माल बाहेर पाठवत नसत.

या पद्धतीचे फायदे उघड आहेत. मालक आयुष्यात एकदाही चुकले नव्हते, कारण त्यांनी काही म्हटल्याचं कोणी सिद्ध करू शकत नव्हतं. सॉफ्टवेअर मात्र अडाणी निघालं. त्यात 'हो' आणि 'नाही' एवढे दोनच रकाने होते.

मालकांनी स्वतः बटण दाबावं असा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. मालकांनी चष्मा पुसायला घेतला. प्रस्ताव बारगळला.

पण बाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. उद्योगाने सॉफ्टवेअरप्रमाणे वागावं की सॉफ्टवेअरने उद्योगाप्रमाणे, या सनातन वादात त्यांनी नेहमीप्रमाणे वजनदार पक्षाची बाजू घेतली. चष्म्याचे पाच रकाने तयार झाले. आता मालकांसमोर बसून चष्मा वाचेल आणि त्याप्रमाणे बटण दाबेल, असा माणूस तेवढा हवा होता. तो घरचा हवा, कारण नोकराने मालकाच्या तोंडाकडे दिवसभर टक लावून बघणं बरं दिसत नाही. आणि त्याला वाचता यायला हवं. ही विद्या शिकवून येत नाही. मात्र जो सासऱ्याच्या घरात राहतो, त्याला ती जेवणाच्या ताटावर आपोआप येते. जावयाचं टेबल मालकांच्या समोर आलं. "तात्पुरतं आहे गं," त्याने घरी सांगितलं.

चाचणीच्या काळात किरकोळ अपघात झाले. एकदा मालकांना सणसणीत शिंक आली, चष्मा उडून कपाळावर गेला, आणि हात नसलेल्या खुर्च्यांचा अख्खा ढीग मंजूर झाला. ('शिंकेनंतरचा चष्मा ग्राह्य धरू नये' हा नियम तेव्हापासूनचा.) पण जावयाचा हात हळूहळू बसला. पुढे पुढे मालकांचा हात उठायच्या आत त्याचं बटण दाबून होई. मालकांनी मग हात उचलायचंही सोडलं. काही मंजुऱ्या तर ते डुलकीत देऊ लागले. निर्णयाचा वेग इतका वाढला, की निर्णय आधी येई आणि प्रश्न मागाहून. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सगळीकडे मंजुरीचा हिरवा रंग पसरला. सल्लागारबाईंनी या कामगिरीवर एक भाषण बसवलं आणि ते द्यायला त्या पुढच्या कारखान्यात गेल्या.

काम फत्ते झालं होतं. जावयाने बदलीचा अर्ज केला. अर्ज अर्थातच सॉफ्टवेअरमधूनच करावा लागे. तो त्याने भरला, तो फिरून त्याच्याच पडद्यावर आला, आणि त्याने मान वर करून सासऱ्यांकडे पाहिलं.

बऱ्याच दिवसांनी मालकांचा हात उठला. त्यांनी चष्मा काढला, रुमाल काढला आणि सावकाश एकेक काच पुसायला घेतली. जावयासमोर पाच बटणं होती. मंजूरचं दाबलं असतं तर कोणाच्या बापाला कळलं नसतं, कारण कळण्याची सोय म्हणजे तोच होता. मग मालक चक्क बोलले. "जावईबापू," ते म्हणाले, "खरं सांगू, तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही."

लग्न झाल्यापासून सासऱ्यांनी त्याच्याबद्दल काढलेले हे पहिलेच चांगले शब्द. जावई खुर्चीत ताठ बसला. आणि त्याने अगदी बिनचूक, नियमाप्रमाणे, नामंजूरचं बटण दाबलं.

"अरे, दुसरं दाबायचं होतंस की," रात्री बायको म्हणाली.

"सिस्टिममध्ये खोटं कसं टाकणार?" तो म्हणाला. "पण बाबा काय म्हणाले माहितीये?" त्याने ते वाक्य तिला ऐकवलं, मग पुन्हा एकदा ऐकवलं. ती त्याच्याकडे पाठ करून झोपली.

वाचकहो, तुम्हाला त्याचं हसू येत असेल, किंवा कीव. येऊ द्या. फक्त मागे तुम्ही रजा मागायला साहेबांकडे गेला होतात, ते आठवून बघा. "तुम्ही नसलात तर इथलं कसं व्हायचं हो?" असं ते म्हणाले, आणि तुम्ही रजेचं नावही न काढता परत आलात. घरी सांगताना छाती चांगली फुगली होती तुमची. त्या दिवशी साहेबांनी नाही म्हटलंच नव्हतं. मग नामंजूरचं बटण दाबलं कोणी?