दोन ‘अहो’ आणि एक तीनचाकी

तीनचाकी मोटारसायकल बंद ट्रेलरमध्ये चढली, आणि सगळ्यांना वाटलं की अवघड भाग संपला.

गाडी थोरल्या भावाची. मोटारसायकलच्या अपघातानंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा डावा पाय दुमडेनासा झाला, तेव्हा त्यांनी आपल्या जुन्या मोटारसायकलला मागे दोन चाकं बसवून घेतली होती. उद्या सकाळी धरणापाशी त्यांचे जुने सोबती जमणार होते आणि तिथून सगळे मिळून डोंगर ओलांडणार होते. अपघातानंतर थोरल्यांनी त्यांच्यातल्या कोणालाच तोंड दाखवलं नव्हतं. या वेळी गेलो नाही तर पुन्हा कोणी बोलावणार नाही, हे ते आठवडाभर कोणी विचारलं नसतानाही सांगत होते. बायकोने शेवटी होकार दिला, पण एका अटीवर. हमरस्त्यावरून गाडी चालवत न्यायची नाही, धरणापर्यंत ट्रेलरमधूनच न्यायची. धाकट्या भावाने मग मित्राचा ट्रेलर आणला.

ट्रेलरला दार एकच, मागचं. थोरले गाडीवर बसून ब्रेक सांभाळणार, धाकटे पुढच्या चाकापाशी उभे राहून पट्टे आवळणार, आणि दोघी जावा मागे दोन बाजूंना उभ्या राहून चाक नि भिंत यांच्यातली फट बघून सूचना देणार, असं ठरलं. फट बोट जाईल इतकीच होती. नियम सोपा होता. पट्टा आवळताना ब्रेक सुटा हवा, आणि पट्टा सोडताना ब्रेक आवळलेला हवा. म्हणजे दोघा भावांनी सतत एकमेकांच्या उलट वागायचं. ते त्यांना लहानपणापासून जमत आलं होतं.

“अहो, सोडा,” थोरली जाऊ म्हणाली.

थोरल्यांनी ब्रेक सोडला. धाकट्यांनी पट्टा सोडला. अंगणाला उतार होता. गाडी थोरल्यांसकट शांतपणे मागे निघाली, दाराला लावलेल्या फळीवरून उतरली, आणि दोघींच्या मधून जाऊन कुंपणाला टेकली.

“मी यांना म्हटलं होतं,” थोरली म्हणाली.

“मला वाटलं, हिने म्हटलं,” धाकटे आतून म्हणाले.

“बायकोचा आवाज ओळखता येत नाही?” धाकटीने विचारलं.

“पत्र्याच्या डब्यात सगळ्या बायकांचा आवाज सारखाच येतो.”

गाडी पुन्हा चढवली. या खेपेला धाकटीने आपल्या नवऱ्याला सांगितलं, “अहो, आवळा.” धाकट्यांनी पट्टा आवळला, थोरल्यांनी ब्रेक आवळला. गाडी जागची हलली नाही. पट्टा अडकवलेली ट्रेलरच्या तळाची कडी मात्र उपटून धाकट्यांच्या हातात आली.

कडी परत ठोकून बसवेपर्यंत धाकटीने विचार केला होता. तिचं म्हणणं असं की घोळ ‘अहो’चा आहे. तेव्हा आपण नवऱ्यांची अदलाबदल करू, तुम्ही माझ्या नवऱ्याला सांगा, मी तुमच्या. सगळ्यांना ते पटलं. थोरली धाकट्यांना म्हणाली, “भाऊजी, जरा सोडा.” आतले दोघेही कोणाचे ना कोणाचे भाऊजी होते.

या वेळी कुंपणाला टेकल्यावर मडगार्डला पोचा आला. थोरल्यांनी इंजिन बंद केलं आणि ते तसेच बसून राहिले.

“राहू दे,” ते म्हणाले. “मी फोन करून सांगतो, पाय दुखतोय म्हणून.”

पाय दुखत नव्हता, हे चौघांनाही माहीत होतं.

मग धाकटीने शेवटचा उपाय काढला. नाती बाजूला ठेवायची, कामावरून हाक मारायची. एक ब्रेकवाले, एक पट्टेवाले. धाकटे आपल्या कचेरीत घंटी वाजवून पट्टेवाल्याला चहा आणायला सांगत. त्यांनी बराच वेळ आपल्या हुद्द्याची आठवण करून दिली. पण बाहेरून “पट्टेवाले, आवळा” असं ऐकू आलं तेव्हा त्यांनी निमूटपणे आवळलं, आणि ब्रेकवाल्यांनी सोडलं. मागचे पट्टे जावांनीच बांधले. धाकटीने गाडी ढकलून पाहिली, तर गाडीऐवजी आख्खा ट्रेलर हलला.

“झालं. उतरा आता,” थोरली म्हणाली.

थोरल्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोन्हीकडे भिंत. दुमडणारा पाय काढायला जागा नव्हती, आणि न दुमडणाऱ्याचा तर प्रश्नच नव्हता.

“मीही आतच आहे,” धाकटे गाडीच्या पलीकडून हळूच म्हणाले.

दोघांना काढायचं तर सगळे पट्टे सोडून गाडी बाहेर घ्यायला हवी. मग ती पुन्हा आत घेताना ब्रेकवर कोणीतरी हवं, आणि तो जो कोणी असेल तो पुन्हा असाच अडकणार. धाकटीने हे दोनदा मनात करून पाहिलं. उत्तर तेच आलं.

थोरल्यांनी हँडलवर कपाळ टेकलं. “दार लावून घ्या,” ते म्हणाले. “मला असंच न्या.”

ते थट्टा करत नव्हते. थोरली त्या पत्र्याच्या अंधारात नवऱ्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिली.

“सोडा,” ती म्हणाली.

“काय? ब्रेक की पट्टा?” दोघांनी एकदम विचारलं. ते आता शिकले होते.

“दोन्ही. माझी अटसुद्धा. सकाळी चालवत न्या. मी मागे बसते.”

सकाळी दोघं निघाली. वाटेत काही झालंच तर असावा म्हणून धाकटे रिकामा ट्रेलर ओढत बरंच मागून येत होते. हमरस्त्याच्या पहिल्याच वळणावर थोरलीने नवऱ्याचा खांदा घट्ट धरला.

“अहो, सावकाश,” ती त्यांच्या कानाशी म्हणाली.

आता ऐकायला ते एकटेच होते. त्यांनी ऐकलं नाही.