खवले सरांच्या गाडीचं तेल

एका जंगलात, मुलांनो, एक खवले मांजर राहत होतं. जंगलच होतं की नुसतं दाट रान, हे मला आता खात्रीनं सांगता येणार नाही. घाटाच्या अलीकडे होतं, एवढं नक्की. निदान मला तरी ते नक्की वाटतं. घाट खरोखरच लांब होता की त्याला लांब म्हणायची पद्धत होती, ते मात्र आठवत नाही. तेव्हा सगळेच त्याला लांब म्हणत.

खवले मांजर तुम्ही पाहिलं नसेल. मीही एकदाच पाहिलं आहे, तेसुद्धा गुंडाळलेलं. त्याच्या अंगभर खवले असतात. भीती वाटली की ते स्वतःला गुंडाळून घेतं आणि चेंडूसारखं पडून राहतं.

आपल्या गोष्टीतलं खवले मांजर फार शिकलेलं होतं. वारुळांच्या रचनेवर त्यानं प्रबंध लिहिला होता. त्यामुळे सगळे त्याला खवले सर म्हणत. इतर खवले मांजरं वाघ दिसला की गुंडाळून घेत. खवले सर निर्णय घ्यायची वेळ आली की गुंडाळून घेत. वाघाचं त्यांना एवढं काही वाटत नसे.

त्यांच्या बायकोचं नाव इंदूबाई. त्यांना एक मुलगी होती, वेणू. तिला घाटापलीकडे कातळवाडीत दिली होती. वेणूला दिवस गेले होते, आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही पद्धत त्या जंगलातही होती. करवंदं पिकायच्या आत तिला घेऊन यायचं, असं दोन्ही घरांनी ठरवलं. मात्र अशा अवस्थेत तिला घाटातून चालवत आणायचं नाही, असं तिच्या सासूनं बजावलं होतं.

म्हणून खवले सरांनी एक जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. म्हणजे इंदूबाईंनी ठरवलं.

गाडी गव्याची होती. गवा अलीकडे इतका वाढला होता की तो आत बसला की दार लागत नसे, आणि दार लागलं की तो आत नसे. स्वभावानं गवा सज्जन होता. पण बोलायचा फार सावकाश. एक वाक्य सुरू केलं की मध्येच रवंथ करून घ्यायचा आणि मग उरलेलं वाक्य बोलायचा.

"हॉर्न वाजतो का?" खवले सरांनी विचारलं.

"वाजतो."

"काचा खाली होतात?"

"होतात."

"मग विकताय कशाला?"

गव्यानं नुसतं आपल्या पोटाकडे पाहिलं.

"बरं, तेलाचं म्हणाल," गवा म्हणाला, "तर तेलाचं..." आणि त्यानं रवंथ सुरू केलं.

"तेलाचं तुम्ही काही सांगू नका," खवले सर घाईनं म्हणाले. "तो विषय मी स्वतः अभ्यासणार आहे."

गव्यानं मान डोलावली, किल्ली त्यांच्या हाती दिली आणि तो तळ्यात जाऊन बसला.

जुनी गाडी घेतली की आधी इंजिनातलं तेल बदलावं, असं खवले सरांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यात काही चूक नाही. पण तेल दोन प्रकारचं असतं, असंही त्यांनी वाचलं होतं. एक साधं, जमिनीखालून निघालेलं. दुसरं सिंथेटिक, प्रयोगशाळेत घडवलेलं. दोन प्रकार आहेत म्हटल्यावर खवले सरांच्या पाठीवरचे खवले उभे राहिले.

ते मुंगसाच्या गॅरेजवर गेले.

"साधं टाका, सर," मुंगूस म्हणाला. "जुनं इंजिन आहे. सिंथेटिक लई पातळ. आणि ते आतनं सगळं धुऊन काढतं."

"मग ते चांगलंच नाही का?"

"कसलं चांगलं? इतक्या वर्षांचा मळ बसलाय आत. तो धुतला गेला की जिथं जिथं फट आहे तिथनं तेल गळायला लागणार. सर, ही गाडी मळानंच धरून ठेवलीय."

खवले सरांना हे पटलं. त्यांनी सगळा जन्म विद्यापीठात काढला होता. मळानं धरून ठेवलेल्या गोष्टी त्यांच्या परिचयाच्या होत्या.

ते समाधानानं घरी निघाले. वाटेत एका झाडावर वानर बसलं होतं.

"साधं तेल?" वानर म्हणालं. "अहो सर, आजच्या काळात? माझा मेव्हणा शहरात असतो. तिकडे साधं तेल कुणी भजी तळायलासुद्धा घेत नाही."

"पण मुंगूस म्हणतो, ते गळतं."

"मुंगूस सापाचा तज्ज्ञ आहे, सर. इंजिनाचा नाही. सिंथेटिक तेल कितीही तापलं तरी टिकतं. घाट चढताना इंजिन तापणार. साधं तेल तापलं की दमणार. मग गाडी मध्येच घाटात बंद पडली म्हणजे? आणि आत वेणू असली म्हणजे?"

खवले सर जागच्या जागी, वाटेतच गुंडाळले गेले. वानरानं थोडा वेळ वाट पाहिली. दोन उंबरं खाल्ली. मग तेही निघून गेलं.

तिन्हीसांजेला इंदूबाई त्यांना शोधत आल्या. गाडीच्या जुन्या टायरसारखं त्यांना ढकलत ढकलत त्यांनी घरी नेलं.

"काय झालं आता?" त्यांनी विचारलं.

"अगं, तेलाचा प्रश्न साधा नाही."

"मग सिंथेटिक घाला."

"तेच तर ठरत नाहीये."

"अहो, गाडीत तेल घालताय की गाडीला स्थळ बघताय? वेणूचं लग्न ठरवतानासुद्धा एवढी चौकशी केली नव्हती तुम्ही."

"म्हणून तर आता करतोय," खवले सर हळूच म्हणाले.

मुलांनो, इथे तुम्ही त्यांना हसू नका. किंवा हसा, पण थोडंच. त्यांना खरोखर भीती वाटत होती. डोळे मिटले की त्यांना घाटातलं एक वळण दिसे. वळणावर बंद पडलेली गाडी दिसे. मागच्या सीटवर पोट धरून बसलेली वेणू दिसे.

मग त्यांनी प्रयोग केला. एका पानावर साधं तेल ठेवलं, दुसऱ्यावर सिंथेटिक. मुंग्या कोणत्या पानाकडे जातात ते बघायचं ठरवलं. हा त्यांच्या विषयातला प्रयोग होता. पण निष्कर्ष निघायच्या आत त्यांना भूक लागली आणि त्यांनी मुंग्या खाल्ल्या.

इकडे जंगलात दोन पक्ष झाले. साध्या तेलवाल्यांनी सिंथेटिकवाल्यांच्या पाणवठ्यावर जाणं सोडलं. सिंथेटिकवाले त्यांना मळकट म्हणू लागले. पोपट सकाळ-संध्याकाळ निरोप आणत. 'सिंथेटिक तेलानं एका हरणाची गाडी जागेवर विरघळली.' 'साध्या तेलानं एका तरसाचे केस गळाले.' हे खरं का, असं विचारलं की पोपट म्हणत, "माहीत नाही, आला तसा पुढे पाठवला." त्या जंगलात कितीतरी जणांकडे गाडीच नव्हती. मतं मात्र सगळ्यांकडे होती.

करवंदं हिरवी होती, ती लाल झाली. कातळवाडीहून साळुंकी वेणूचा निरोप घेऊन आली.

"वेणूताई विचारतेय, बाबा निघाले का?"

"निघतोच आहे म्हणावं," खवले सर म्हणाले. "फक्त तेलाचं ठरलं की निघालोच."

साळुंकी गेली. थोड्या दिवसांनी पुन्हा आली.

"वेणूताई म्हणतेय, कुठलंही घाला, पण या. ती रोज सकाळी घाटाकडे तोंड करून बसते."

खवले सरांनी हे ऐकलं आणि ते पुन्हा गुंडाळले गेले. या खेपेला इंदूबाईंनी त्यांना ढकललं नाही.

शेवटी जांभळीच्या झाडाखाली परिसंवाद ठेवला. विषय होता, 'जुनं इंजिन आणि नवं तेल: एक पुनर्विचार'. अध्यक्ष वाघ होता. त्याच्याकडे गाडी नव्हती, म्हणून तो निःपक्षपाती समजला गेला. मुंगूस बोलला, वानर बोललं. खवले सरांनी दोन्ही बाजूंनी भाषण केलं. गवा जवळच्या तळ्यात बसून ऐकत होता. एकदा त्यानं मान वर करून म्हटलं, "तेलाचं म्हणाल, तर..."

"श्रोत्यांनी मध्ये बोलू नये," अध्यक्ष म्हणाले.

गव्यानं मान डोलावली.

त्याच वेळी इंदूबाईंनी अंगणातल्या करवंदीच्या जाळीकडे पाहिलं. एक करवंद काळं झालं होतं. त्यांनी डिंकाचे लाडू डब्यात भरले. जुनं मऊ लुगडं पिशवीत घातलं. आणि त्या गाडीत जाऊन बसल्या.

त्यांना गाडी येत होती का? येत होती. गाडी दारात उभी असायची. अंगण झाडायचं म्हणजे रोज ती पुढे-मागे करावी लागे. तशी त्यांना ती आपोआप आली. तेल कुठे घालतात ते मात्र त्यांना माहीत नव्हतं. बॉनेट कुठून उघडतं तेही माहीत नव्हतं. त्यांनी किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि सुरू झाली.

हे अगदी चूक होतं, मुलांनो. तेल न तपासता घाट चढू नये. तुम्ही असं कधी करू नका. मी तर या भीतीनं आयुष्यभर गाडीच घेतली नाही.

रस्ता जांभळीखालूनच जात होता. इंदूबाईंनी हॉर्न वाजवला. श्रोते बाजूला झाले, गाडी गेली, श्रोते पुन्हा जागेवर बसले. भाषणात व्यत्यय आल्याबद्दल अध्यक्षांनी नापसंती व्यक्त केली. ती कुणाची गाडी होती, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. खवले सर तेव्हा सिंथेटिकच्या तोट्यांवर बोलत होते.

संध्याकाळी परिसंवादानं एक उपसमिती नेमली. सगळे एकमेकांचे आभार मानत असताना पुन्हा हॉर्न वाजला. गाडी थांबली. काच खाली झाली. आत वेणू होती.

खवले सर चहा टाकून गाडीकडे धावले.

"वेणू! तू? कशी आलीस?"

"गाडीनं, बाबा."

"पण... पण तेलाचं अजून ठरलं नाही!"

वेणू दमलेली होती. तरी तिला हसू आलं. मग हसता हसता तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही का नाही आलात?"

"गाडी घाटात बंद पडली असती तर, म्हणून..."

"बंद पडली असती तर आपण तिघं मिळून बसलो असतो," वेणू म्हणाली. "लाडू होते की."

यावर खवले सरांनी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. दोन्ही बाजूंनी काही सुचलं नाही.

चार दिवसांत वेणूला मुलगी झाली. त्याच पहाटे खवले सर बिळातून बाहेर येऊन म्हणाले, "ठरलं! माझ्या मते गाडीत..." एवढ्यात आत बाळ रडलं आणि पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. त्यांनी काय ठरवलं होतं ते मला माहीत नाही. मला वाटतं, नंतर त्यांनाही आठवलं नसावं.

बारशाला सगळं जंगल आलं. साधे एका बाजूला बसले, सिंथेटिक दुसऱ्या बाजूला. गवाही आला. त्यानं बाळाला पाहिलं, घुगऱ्या खाल्ल्या, सावकाश चावल्या. मग तो खवले सरांकडे वळला.

"तर मी काय म्हणत होतो," गवा म्हणाला, "तेलाचं म्हणाल, तर तेलाचं काही बघू नका. ते मी कालच बदललंय."

सगळे गव्याकडे वळले.

"काल?" खवले सरांनी विचारलं.

"म्हणजे तुम्ही गाडी बघायला आलात ना," गवा म्हणाला, "त्याच्या आदल्या दिवशी."

"कुठलं घातलंत?" मुंगूस ओरडला. "साधं ना?"

"सिंथेटिक! सिंथेटिकच असणार!" वानर फांदीवरून खाली आलं.

गवा विचार करू लागला. विचार करता करता त्यानं रवंथ केलं. दोन्ही पक्ष पुढे सरकले. पाळण्याचं गाणं थांबलं.

"डब्यातलं," गवा म्हणाला.

"बघा! चांगलं डबाबंद तेल! म्हणजे सिंथेटिक!"

"साधंबी डब्यातच येतं, माकडा!"

"माकड कुणाला म्हणतोस? वानर आहे मी!"

झालं. बारसं बाजूला राहिलं. पोपट उडाले. खवले सरांना दोघांचं म्हणणं पटू लागलं आणि सवयीनं ते गुंडाळायला लागले. पण त्यांना गुंडाळता येईना. त्यांनी मागे वळून पाहिलं. खवले मांजराची पिल्लं मोठ्यांच्या शेपटीवर बसतात. नात त्यांची शेपटी घट्ट धरून बसली होती.

"अहो, हलू नका," इंदूबाई म्हणाल्या. "आत्ताच झोपलीय."

आणि खवले सर हलले नाहीत.

तात्पर्य: ज्याला माहीत आहे त्याचं वाक्य कधीही पूर्ण होऊ देऊ नये. ते पूर्ण झालं की प्रश्न सुटतो. मग शिकल्यासवरल्यांनी दिवसभर करायचं काय?

राहता राहिला घाट. पुढे बऱ्याच वर्षांनी मी तो स्वतः चालून पाहिला. गुडघे सांभाळत, खवले मांजराच्याच चालीनं गेलो. वारूळ दिसलं की थांबत होतो. सकाळी निघालो होतो. कातळवाडीत पोहोचलो, तेव्हा तिथली दुपारची जेवणं अजून व्हायची होती.