गाभ्यातलं पान

साकवलीत माणूस गेला की तेराव्याला नगरपालिकेची गाडी येते आणि त्याची कुंडी घरपोच करून जाते. घैसासांच्या घरीही ती वेळेवर आली होती. अडचण एवढीच, की ती मांजर खात होतं.

कुंडीत घैसास गवती चहा होऊन निघाले. कोण काय निघेल ह्याला काही नियम नाही. त्यांच्या मातोश्री मागेच कोरफड निघाल्या होत्या आणि गॅलरीत अजून ठणठणीत होत्या. त्यांच्या वाटेला जायची ठमीची, म्हणजे मांजराची, त्या हिंडत्याफिरत्या असतानाही हिंमत नव्हती. पण गवती चहा म्हणजे मांजराच्या जातीला मेजवानीच. घैसासांच्या पत्नी कुंदाताई आंघोळीला गेल्या रे गेल्या, की ठमी कुंडीत तोंड घालून करकर चावत बसायची.

"अगं मेले, ज्यांनी तुला गटारातून उचलून आणली त्यांनाच खातेस?" म्हणत कुंदाताई ओल्या केसांनी लाटणं घेऊन धावायच्या. ठमी मिश्या चाटत पलंगाखाली.

मांजर कसं आवरावं हे सांगायला गावात कुणी कमी नव्हतं. पानांवर तिखटाचं पाणी शिंपडा म्हणाले. कुंदाताईंनी कालवलंसुद्धा, पण शिंपडायला हात उचलेना. ह्यांना जन्मभर पित्ताचा त्रास, मिसळीच्या नुसत्या वासानं रात्र बसून काढायचे. त्यांच्या अंगावर तिखट कसं ओतायचं? मग मातीवर संत्र्याच्या साली पसरल्या. ठमीनं थोडे दिवस दम धरला आणि मग सालीच उकरून टाकल्या. तिच्यासाठी ताटलीत गहू पेरले, तर बाईसाहेब त्यावर जाऊन झोपल्या. शेवटी कुंडी छताला टांगली, तर पानं लांब होऊन खाली वाकली. आता बोला! जिवंतपणी ताटातलं निम्मं मांजराला घालायचे, ती खोड गेली नव्हती. कुंडी परत खाली उतरवली.

खाल्लेलं वाया मात्र जात नव्हतं. ठमी घैसासांसारखीच सकाळी फाटकाशी बसून पेपरची वाट बघू लागली. गॅसचं बटण बंद केलेलं बघितल्याशिवाय तिला झोप येईना. कुंदाताईंच्या बहिणीचा फोन आला, की तोंड वाकडं करून उठायची आणि बाहेर जाऊन बसायची. बघून कुंदाताईंना हसू यायचं आणि पाठोपाठ तळपायाची आग मस्तकात जायची. उभ्या जन्माचा संसार ह्या मेलीच्या पोटात चालला होता, आणि त्यांच्या वाट्याला कुंडीखालचा चिखल पुसणं.

कुंडी निरीक्षक गव्हाणे पाहणीला आले, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पानं चाचपली.

"वहिनी, साहेब निम्म्याच्या वर गेले."

"मग?"

"मग परत न्यावं लागतं. हेळसांड धरतात ती. सोमवारी गाडी येईल."

"नेऊन करता काय?"

"बायपासच्या दुभाजकावर लावतो. टँकरनं पाणी घालतात. अधूनमधून शेळ्या तोंड लावतात, पण हवा मोकळी आहे."

कुंदाताई घैसासांच्या खुर्चीत बसल्या. खुर्ची खिडकीशी होती आणि शेजारी त्यांचं स्टूल.

"गव्हाणे, दवाखान्यात ह्यांचा शेवट झाला तेव्हा मी नव्हते हो जवळ. हेच म्हणाले, घरी जा, ठमीला दूध घालून ये, उपाशी असेल. मी दूध घालून परत गेले, तर तोंडावर चादर. सिस्टर म्हणाली, झोपेतच गेले, त्यांना काही कळलं नाही. खरं असेल का?"

"ते मी कसं सांगू?"

"ह्या पानांत असेल ना? मांजराला सगळं कळतं, आणि मला कळायला नको?"

गव्हाण्यांनी आवाज खाली आणला. "असतं. बाहेरची पानं जुनी. गाभ्यातलं ते शेवटच्या घटकेचं. पण घरच्यांनी पान खायचं नाही. आमच्याकडे तेवढा एकच नियम कडक आहे."

"आणि मांजर खातं ते?"

"मांजराला नियम लागू नाही."

दारात चपला घालताना ते थांबले. "वहिनी, सगळ्यांना तेच पान हवं असतं. नका खाऊ."

सोमवारी सकाळपर्यंत ठमीनं कुंडी साफ केली होती. उरलं होतं गाभ्यातलं तेवढं एक पान. ओट्याआडून कुंदाताई बघत होत्या. ठमीनं ते हुंगलं. तिच्या पाठीवरचे केस उभे राहिले आणि ती पोट जमिनीला घासत उंबऱ्यापर्यंत मागे सरली. एवढी हावरट, पण त्या पानाला तिनं तोंड लावलं नाही. कुंदाताईंना वाटलं, हे बायकोचं आहे, एवढं तिलाही कळतंय.

त्यांनी पान कात्रीनं कापलं. ह्यांना आवडायचा तसाच चहा केला, आलं ठेचून, दूध बेताचं, साखर कमी. वास घरभर सुटला तसं त्यांना रडू फुटलं. "अहो, सांगा आता," असं म्हणून त्या खुर्चीत बसल्या आणि बशीत ओतून, फुंकर घालत प्यायल्या.

आधी काहीच झालं नाही. मग तोंडाला कोरड पडली. जीभ टाळूला चिकटली. हातपाय कुणा परक्याचे असावेत तसे जड झाले. वर एक कळकट पंखा दिसू लागला, तो काही त्यांच्या घरातला नव्हता. बाजूच्या स्टुलावर पाण्याचा पेला होता, हात पोचत नव्हता. हाक मारली, कुणी आलं नाही. पुन्हा मारली. "कुंदा, पाणी." कुंदाताईंनी ते घैसासांच्या आवाजात आणि स्वतःच्या घशातून ऐकलं. झोप कसली, टक्क जाग होती. आणि ती लवकर संपली नाही.

गव्हाणे आले. त्यांनी आधी कुंडी पाहिली, मग बशी.

"सांगितलं होतं वहिनी," ते हळहळले.

"पाणी," कुंदाताई म्हणाल्या.

गव्हाण्यांनी आत जाऊन माठातलं पाणी आणलं. भरलेला पेला स्टुलावर ठेवला. बाहेर गाडीवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. "घ्या हं सावकाश," म्हणून त्यांनी रिकामी कुंडी काखेला मारली आणि दार ओढून घेतलं.

कुंदाताईंनी हात उचलला. तो स्टुलाच्या कडेपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"कुंदा," त्यांनी हाक मारली. "पाणी."

उंबऱ्यात ठमी बसली होती. तिची दुधाची वेळ झाली होती.