ठकीची गोळी

आमच्या समोरच्या मालूमावशी दार उघडलं की 'या' म्हणायच्या नाहीत, 'जीभ काढ' म्हणायच्या. वाटी परत करायला आलेली शेजारीण असो की नव्यानेच वायर ओढत फिरणारा केबलवाला, आधी जीभ. मग निदान : "पोट साफ नाही." मग एरंडेलाची बाटली.

मावशी मूळच्या रत्नागिरीकडच्या. भाईंदरला केबिन रोडच्या मागे आमच्या बिल्डिंगमध्ये एकट्याच राहायच्या आणि एका प्रसूतिगृहात आया होत्या. बिल्डिंगमधल्या यच्चयावत पोरांना त्यांनी नाक दाबून औषध पाजलं होतं. "गिळ आणि गप बस," एवढंच बोलायच्या. "माझ्या हातचं औषध थुंकणारा अजून जन्माला यायचाय," असं जिन्यात उभ्या राहून सांगायच्या. त्यांची चाहूल लागली की पोरं गच्चीवर पळायची. आम्ही मोठी माणसंही, खोटं कशाला बोलू, तोंड घट्ट मिटून शेजारून सटकायचो.

त्यांच्याकडे आपण होऊन जाणारी एकच, ठकी. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची भटकी मांजर. मावशी ड्युटीवरून यायच्या वेळी त्यांच्या पायपुसण्यावर येऊन बसायची.

एकदा कुत्र्याने ठकीचा मागचा पाय फाडला. मावशींनी तिला भाजीच्या पिशवीत घातलं आणि रिक्षा करून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, "गोली बंद मत करना, पैर जाएगा."

त्या संध्याकाळी समोरून भांडी कोसळल्याचा आवाज आला. मग आमचं दार वाजलं. मावशींचे दोन्ही हात ओरबाडलेले, पदर ओला आणि गोळी अंबाड्यात अडकलेली.

"अरे, जरा येतोस? आणि दार लावून घे हो मागे. कुणी बघायला नको."

मी ठकीला टॉवेलात गुंडाळून धरलं. मावशींनी सवयीने नाक दाबायला बोटं नेली, पण तिचं नाक काही चिमटीत येईना. शेवटी जबडा उघडून गोळी आत ढकलली. "गिळ आणि गप बस!" ठकी गप बसली. मावशींनी माझ्याकडे ऐटीत पाहिलं, आणि ठकीने गोळी माझ्या शर्टावर थुंकली.

मला हसू आवरेना. मावशींची मान खाली गेली. "बाहेर बोलू नकोस हं," एवढंच म्हणाल्या.

मी नाही बोललो. पण दुसऱ्या दिवशी मावशींनी गोळी लपवायला चौक गावाहून येणाऱ्या कोळणीकडून बोंबील घेतले. "मांजरीचं औषद घालतंस आत? न्हाय खानार ती!" कोळीण जिन्यातच म्हणाली, आणि सगळ्या बिल्डिंगला कळलं. ठकीने बोंबील खाल्ला, गोळी स्वच्छ चाटून लादीवर ठेवली. पोरं वरच्या मजल्यावरून ओरडायला लागली, "मावशी, जीभ काढा!" मावशी खाली बघत जायच्या. जिभा मागणं त्यांनी त्याच आठवड्यात सोडलं.

ठकीला मात्र सोडलं नाही. रोज टॉवेल, रोज झटापट, आणि गोळी कशीतरी पोटात जायचीच. पाय भरून आला. ठकी पळायला लागली, आणि पळायला लागली तीही मावशींपासूनच. त्यांची चप्पल वाजली की नाहीशी. आमच्याकडे येऊन पलंगाखाली बसायची. टॉवेल धरणारा मी, पण राग सगळा मावशींवर. ठकी माझ्या पायाला अंग घासायला लागली की मला मावशींच्या दाराकडे बघवत नसे.

एका संध्याकाळी दार हळूच वाजलं. मावशी दुधाची वाटी घेऊन उभ्या.

"या ना आत."

"नको. मला बघितलं की उठेल ती." वाटी माझ्या हातात दिली. "तुमच्या बशीत ओत. या वाटीला माझ्या हाताचा वास असेल."

मी बशी घ्यायला वळलो.

"पाय नीट टेकते ना?"

"टेकते, मावशी."

"मग झालं."

मी दूध बशीत ओतलं. ठकी पलंगाखालून बाहेर आली, चपचप पिऊ लागली. मावशी दाराच्या फटीतून बघत होत्या. ठकीने मान वर केली, तशा त्या चटकन भिंतीआड झाल्या.